गुलमर्गसाठी एकच जोडी घ्यायची तर

गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत चढतो. पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला. तो साधारण 2,650 मीटरवरच्या गुलमर्गमधून कोंगदूरीला नेऊन सोडतो. दुसरा 2005 पासून अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ 4,000 मीटरवर पोचवतो. वरच्या स्टेशनातून बाहेर पडून स्की पायात अडकवल्या की एकाच उतरणीत बर्फाच्या चार जाती भेटतात. माथ्याजवळ वाऱ्याने थापटून कडक केलेली खपली. त्याच्या खालच्या उतारावर, नशीब जोरावर असेल आणि आदल्या रात्री पडला असेल तर, गुडघाभर भुसभुशीत बर्फ. स्कीवाले त्याला पावडर म्हणतात. सकाळ सरेपर्यंत त्याच उतारावरून बरीच माणसं जाऊन आलेली असतात, त्यामुळे पावडरीचे ढीग आणि चर झालेले. आणि झाडांतून बाबा रेशी किंवा टंगमर्गच्या बाजूला उतरायचं ठरवलं, तर शेवटच्या टप्प्यात दुपारच्या उन्हाने ओला, जड झालेला बर्फ, ज्यात स्की वळायलाच तयार नसते.

पावडर स्कीच्या जाहिरातीत यातली फक्त दुसरी जात दिसते. पैसे मोजके असतील आणि जोडी एकच घ्यायची असेल, तर माझं मत असं की स्की निवडावी ती उरलेल्या तीन जातींसाठी, आणि पावडरीत ती आपल्याला वर धरेल एवढी खात्री करून घ्यावी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आयुष्यातल्या सर्वांत सुंदर दिवसासाठी स्की घेतात आणि बाकीचे दिवस गुडघ्यांना शेक देत बसतात.

कुठलीही स्की उचलून पाहा. शेपटीजवळ किंवा बाजूच्या पट्टीवर तीन आकडे छापलेले असतात, समजा 136-106-125. टोकाकडची, मधली आणि शेपटीकडची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुकानात चर्चा होते ती मधल्या आकड्याची, म्हणजे कंबरेची. दाबून सपाट केलेल्या पट्ट्यावर चालवायच्या स्कीची कंबर 70 ते 80 असते, सगळीकडे चालणाऱ्या स्कीची 85 ते 105, आणि खास पावडरवाल्या 110 च्या पुढे जातात. पूर्वी हा भेद नव्हता. 1980च्या दशकापर्यंत खोल बर्फातही लोक सत्तरच्या आसपास कंबरेच्या, दोन मीटर किंवा त्याहून लांब स्की घेऊन उतरत, आणि गुडघे जुळवून वरखाली झोके घेत वळण्याचं एक वेगळं तंत्रच शिकावं लागे. ऑस्ट्रियातल्या ॲटॉमिक कंपनीत रूपर्ट हूबर याने स्नोबोर्ड मधोमध कापून त्याच्या दोन स्की करून पाहिल्या. त्यातून 1988 मध्ये ‘पावडर प्लस’ ही रुंद स्की आली. सुरुवातीला ती हेलिकॉप्टरने डोंगरावर जाणाऱ्या, पैसेवाल्या पण दमणाऱ्या गिऱ्हाइकांची सोय म्हणून चेष्टेचा विषय झाली होती. आज भाड्याच्या दुकानातली सर्वसाधारण स्कीसुद्धा तिच्याआधीच्या त्या अरुंद स्कीपेक्षा रुंद असते.

रुंदीने होतं काय, तर वजन जास्त जागेवर पसरतं. पण किती रुंदी पुरे, हे उतरणाऱ्याच्या वजनावर ठरतं, आणि आपल्याकडचा माणूस नेमका इथेच गरजेपेक्षा जास्त मोजून बसतो. परदेशी मासिकांत स्कीची परीक्षणं लिहिणारे बहुतेक जण धिप्पाड, वेगात उतरणारे गडी असतात. असा एक 90 किलोचा माणूस धरू. बूट, कपडे, पाठपिशवी मिळून 12 किलो. त्याच्या पायात 188 सेंमी लांब, 114 कंबरेची स्की. तिची सरासरी रुंदी ढोबळमानाने 12.4 सेंमी पकडली, तर दोन्ही मिळून साधारण 4,660 चौरस सेंमी तळ होतो, म्हणजे दर चौरस सेंमीला 22 ग्रॅमचा भार. आता पुण्याहून आलेली 62 किलोची व्यक्ती, सामान 10 किलो, पायात 170 सेंमीची, 88 कंबरेची साधी स्की. सरासरी रुंदी 10.3 धरली तर तळ 3,500 चौरस सेंमी आणि भार 20.5 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे या व्यक्तीला 88 ची स्की जेवढी वर धरते, तेवढीही त्या गड्याला 114 ची धरत नाही! तीच व्यक्ती 176 सेंमीच्या, 102 कंबरेच्या स्कीवर चढली की भार 18 ग्रॅमवर येतो. याहून जास्त तरंगण्याची गरज अलास्कात असेल, अफरवटवर क्वचितच. टोकाचा वर वळलेला भाग वजा केला तर आकडे थोडे सरकतील. तुलना बदलणार नाही.

जास्तीच्या रुंदीची किंमत मोजावी लागते ती कडक बर्फावर. स्की वळते ती बाजूच्या पोलादी कडेवर कलंडून, आणि ही कड पायाच्या मध्यापासून कंबरेच्या निम्म्या अंतरावर असते. 78 च्या स्कीला ते अंतर 39 मिमी, 114 च्या स्कीला 57. जितकं अंतर जास्त, तितकं स्कीला कडेवर उभं करायला घोटा आणि गुडघा जास्त पिळावा लागतो, आणि एका कडेवरून दुसरीवर यायला वेळही जास्त लागतो. कोंगदूरीच्या घट्ट पट्ट्यावर दोन तास 114 ची स्की चालवली की मांडीपेक्षा गुडघ्याची आतली बाजू आधी बोलायला लागते. म्हणून ढोबळ हिशेब असा ठेवावा: वजन 55 ते 70 किलो असेल तर कंबर 96 ते 104, ऐंशीच्या पुढे असेल तर 104 ते 110. त्यापलीकडची स्की घ्यायची ती दुसरी म्हणून, आणि दुसरी जोडी हा या लेखाचा विषय नाही.

कंबरेइतकाच, किंबहुना जास्त, फरक पडतो तो स्कीच्या बाजूने दिसणाऱ्या आकाराने. दुकानात दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. मधोमध फट दिसते, तो कॅम्बर. उभं राहिल्यावर वजनाने ही कमान सपाट होते आणि कडेचा दाब टोकापर्यंत, शेपटीपर्यंत पोचतो. कडक बर्फावर पकड मिळते ती यामुळे. आता टोकाकडे बघा. स्की जिथे एकमेकींपासून फाकायला लागतात तो बिंदू अगदी टोकाशी असेल, तर ती जुन्या चालीची पट्ट्यावरची स्की. टोकापासून वीस-तीस सेंमी आधीच फाकत असतील, तर तो रॉकर. खोल बर्फात टोक खाली घुसण्याऐवजी वर तरंगतं, आणि चर पडलेल्या बर्फात ते ढिगांवर चढून जातं. रॉकरच्या टोकाला गेलेली स्की अमेरिकी स्कीअर शेन मकाँकी याने घडवली. व्होलांट कंपनीने 2002 च्या सुमाराला बाजारात आणलेली त्याची ‘स्पॅट्युला’ पूर्ण उलट्या कमानीची होती, आणि तिची कंबर टोकांपेक्षा रुंद होती. पावडरीत ती लोण्यासारखी फिरायची, कडक पट्ट्यावर मात्र तिला धड धरच नव्हता. आजच्या चांगल्या स्कीने तिचा थोडाच अंश उचलला आहे: टोकाला बराच रॉकर, पायाखाली कॅम्बर, शेपटीला किंचितशी उचल. एकट्या जोडीसाठी हाच आकार मागावा. शेपूटही टोकाइतकीच वळलेली असेल तर पाहायला मजा येते, पण टणक उतारावर वळण संपवताना ती घसरते.

तीन आकड्यांशेजारी वळणाची त्रिज्या लिहिलेली असते. 17 ते 20 मीटर बेतशीर. 14-15 ची स्की पट्ट्यावर नाचते, पण ढेकळांत तिचं रुंद टोक कुठेही अडकून तुम्हाला न विचारता वळवतं.

लांबीबद्दल भाड्याच्या दुकानातला सल्ला हमखास ‘हनुवटीपर्यंत’ असतो. तो शिकाऊ माणसासाठी, जुन्या आकाराच्या स्कीसाठी ठीक. रॉकरवाल्या स्कीचा टोकाकडचा भाग कडक बर्फाला टेकतच नाही, त्यामुळे 178 ची स्की पट्ट्यावर 165 च्या स्कीसारखी वागते. अशी स्की कपाळापासून डोक्याइतकी उंच घ्यावी. मध्यम वळणं सहज जमत असतील तर थोडी वरही चालते. दोन मापांच्या मधोमध अडकलात आणि झाडांत जायची हौस असेल, तर लहान माप उचला.

वजनाबद्दल सध्या एक फॅशन आहे: जितकी हलकी तितकी चांगली. पाठीवर टाकून किंवा तळाला चढाईची कातडी लावून तासन्‌तास चढायचं असेल तर खरं आहे. पण 180 सेंमीची, एका स्कीला 1,500 ग्रॅम भरणारी स्की चर पडलेल्या बर्फात आपटत, उडत जाते. जड स्की ढिगाला कापून जाते. त्याच मापाला 1,850 ते 2,050 ग्रॅम ही मधली वाट. आत लाकडाचा गाभा असतो: पॉप्लर, ॲश, मेपल, आणि हलकेपणासाठी पॉलोनिया. काही स्कीत लाकडाच्या वर-खाली टायटॅनलचे म्हणजे एका ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे असतात. त्यांनी थरथर मरते, वेगात स्की शांत राहते, पण वळवायला ताकद लागते आणि किंमतही वाढते. मध्यम ताकदीच्या, मध्यम वेगाच्या माणसाने पूर्ण पत्र्याची स्की घेऊ नये. फक्त पायाखाली पत्र्याचा तुकडा असलेली किंवा बिनपत्र्याची घ्यावी.

आता पैशांकडे. स्की ही यादीतली शेवटची वस्तू आहे. पहिले बूट. पाय आणि स्की यांच्यात जे काही बोलणं होतं ते बुटातून होतं. सैल बुटात हजार डॉलरची स्कीसुद्धा ऐकत नाही. बुटाचा आतला मऊ भाग काढून फक्त कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते मोजा: दीड ते दोन सेंमी, बस्स. जुने बूट विकत घेऊ नयेत, दुसऱ्याच्या पायाने आतलं अस्तर दाबलेलं असतं आणि प्लॅस्टिकलाही वय होतं. त्यानंतर हिमस्खलनाचं सामान: बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठाव दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं. अफरवटवर गोंडोलाखालच्या मुख्य भागाची देखरेख गस्तीपथक करतं. त्याबाहेरचे उतार जसे आहेत तसे असतात, आणि गुलमर्गच्या परिसरात हिमस्खलनाने माणसं गेलेली आहेत. बीकन जुना घेऊ नका, तीन अँटेनांचा डिजिटलच हवा, आणि तो वापरायचा सराव नसेल तर घेऊन उपयोग नाही. हे सगळं झाल्यावर जे उरेल त्यात स्की आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर पकडून ठेवणारी कळ.

अमेरिकेत या जातीची नवी स्की बाइंडिंगशिवाय साधारण 600 ते 900 डॉलरला मिळते. तेवढे देण्याचं कारण नाही. एखादं मॉडेल आलं की दोन-तीन वर्षं त्याच्या आतलं काहीच बदलत नाही; बदलतं ते वरचं चित्र. मार्च उजाडला की दुकानं त्या हंगामातला माल उतरवायला लागतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे ठिकठिकाणी जुन्या सामानाचे स्की-बाजार भरतात. डेन्व्हरला किंवा सॉल्ट लेकला भाचा असेल तर त्याला कामाला लावावा. तो येताना आणणार असेल तर विमान कंपनीची लांबीची अट आणि आपल्याकडचा कस्टमचा नियम आधी वाचून ठेवा, नाहीतर वाचवलेले पैसे तिथेच जातात. दुसरी वाट गुलमर्गच्याच बाजारात: परत जाणारे परदेशी स्कीअर कधीकधी आपली जोडी दुकानात विकून जातात. भाव होतो तो ओळखींवर आणि काहव्याच्या पेल्यावर, पण जोडी कधीकधी फार चांगली निघते.

जुनी जोडी हातात आली की घाई करू नका. आधी तळाला तळ लावून पुन्हा धरा. दोन्हींची कमान सारखी हवी. एकीची फट कमी असेल तर ती दमलेली आहे. मग एक स्की डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून लांबीवर नजर टाका, पीळ दिसला की परत ठेवून द्या. कडेवरून नख फिरवा. गंज वरवरचा असेल तर फाइलने जातो. पण कडेला आडवी चीर असेल, किंवा कड तळापासून किंचित वर उचलली गेली असेल, तर तिथून पाणी आत शिरलेलं असतं आणि लाकूड कुजायला लागलेलं असतं. बाजूच्या पट्टीवर, विशेषतः पायाखाली, अंगठ्याने जोर देऊन दाबा. थर सुटत असतील तर बारीक करकर ऐकू येते. तळावरचे ओरखडे घाबरवणारे दिसतात, पण काळं प्लॅस्टिक वितळवून ते भरता येतात. ओरखड्याच्या तळाशी लाकूड किंवा काचतंतूचा थर दिसत असेल तर दुरुस्ती खर्चाची, आणि तो कडेला लागून असेल तर जोडी सोडून द्यावी. सुरुवातीच्या हंगामात अफरवटवर बर्फातून दगड डोकं वर काढून असतात, म्हणून जाड तळाची, जाड कडेची स्की थोडी महाग पडली तरी घ्यावी.

शेवटी बाइंडिंगजवळचा पृष्ठभाग पाहा. तिथे बुजवलेली भोकं दिसतील. एकदा भोकं पाडून बुजवलेली स्की चालते, दोनदाही चालते. तिसऱ्यांदा नवी भोकं पाडायला जागाच उरत नाही, कारण दोन भोकांत सुमारे एक सेंमी अंतर तरी लागतं. आणि इथेच जुन्या मालातला एक फायदेशीर सौदा दडलेला असतो. दुकानांनी लोकांना चालवून बघायला दिलेल्या डेमो जोड्यांवर रुळावर सरकणारं बाइंडिंग बसवलेलं असतं. ते थोडं जड, थोडं उंच. पण कुठल्याही लांबीच्या बुटाला मिनिटभरात जुळतं. तुम्हाला नवीन भोकं पाडावी लागत नाहीत, बूट बदललात तरी नाही, आणि उद्या विकायला काढलीत तर गिऱ्हाइकालाही नाही. डेमो स्की वापरलेली असते, पण दुकानाने तिला धार-मेण केलेलं असतं. मला विचाराल तर मोजक्या पैशांतली सर्वांत शहाणी खरेदी ही.

बाइंडिंग वेगळं घ्यावं लागलं तर ब्रेकची रुंदी पाहायची: 106 कंबरेला 110 किंवा 115 चा ब्रेक. 130 चा बसवला तर त्याचे हात कडेवर वळताना बर्फात घासतात. बुटाचा तळ कुठल्या जातीचा आहे तेही सांगा. जुनं बाइंडिंग आणि चालायला गोलसर केलेला ग्रिपवॉक तळ यांची जोडी जमतेच असं नाही. स्प्रिंगचा आकडा दुकानदाराने तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य विचारून लावायचा असतो. ‘स्की सुटू नये म्हणून’ तो वाढवून घेऊ नका. चढाईचं दुहेरी बाइंडिंगही पहिल्या जोडीला नको: गोंडोला आहे, आणि ते पैसे बुटात जास्त चांगले मुरतात.

नावं विचारणार हे माहीत आहे. सॅलोमनची क्यूएसटी 106, ब्लिझार्डची रसलर 10, ब्लॅक क्रोजची ॲट्रिस, ॲटॉमिकची बेंट 100: या चौघींत मिळून वर सांगितलेला जवळजवळ सगळा पट्टा येतो. पहिल्या दोघी टणक बर्फावर जास्त भरवशाच्या, बेंट सर्वांत खेळकर, आणि ॲट्रिसला थोडा जोर लावणारा माणूस आवडतो. जुन्या बाजारात रोसिन्योलची सोल 7 अजून भेटते. एके काळी पावडर म्हटलं की ती, इतकी ती खपली होती. टोक फार हलकं असल्याने वेगात ते फडफडतं, पण हलक्या माणसाला शांत वेगात ती आजही उत्तम आहे. घेण्याआधी गुलमर्गलाच दोन वेगळ्या कंबरांच्या स्की एकेक दिवस भाड्याने चालवा, आणि पावडरीच्या दिवशी नव्हे, बर्फ पडून चार-पाच दिवस झालेले असताना.

खरेदीच्या यादीत शेवटी दोन मीटर लांबीच्या भडक रंगाच्या नायलॉनच्या दोन पट्ट्या टाका. खोल बर्फात पडलात आणि स्की सुटली की ती पृष्ठभागाखाली शिरून दूर जाऊन थांबते, आणि ब्रेकचा तिथे काही उपयोग होत नाही. तासभर काठ्यांनी बर्फ उपसणारी माणसं अफरवटखाली दर हंगामात दिसतात. पट्टीचं एक टोक बाइंडिंगला बांधायचं, बाकीची गुंडाळून पँटच्या पायात खोचायची. पायाला मात्र बांधायची नाही: हिमस्खलनात सापडलात तर स्की सुटून जाणंच बरं, नाहीतर ती पायाला धरून खाली ओढते.